रेसलर आता जास्त जखमी होतात की जास्त दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हल्क होगन, आंद्रे द जायंट, रिक फ्लेअर यांच्या काळात टीव्हीवरच्या अमेरिकन शो-रेसलिंगमधले (ज्यात निकाल आधीच ठरलेला असतो) रेसलर जवळजवळ रोज रात्री रिंगमध्ये उतरायचे आणि कुणी ‘नऊ महिने बाहेर’ गेल्याचं फारसं ऐकू यायचं नाही. आता सामने कमी झालेत, डॉक्टर आणि ट्रेनर हाताशी आहेत, तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा गुडघा जातो, कुणाचा खांदा, कुणाचा ट्रायसेप्स (दंडाचा मागचा स्नायू). मग आजची पोरं नाजूक झालीत का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २२ वर्षं मुख्यतः गुडघे आणि खांदे हाताळतोय. पेशंटमध्ये मॅटवरचे कुस्तीगीर आहेत, ज्युदोवाले आहेत, जिम्नॅस्ट आहेत. शोवाली रेसलिंग शिकणारे मोजकेच आले, पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात आली होती. त्यांच्या तक्रारी कुस्तीगिरांशी कमी आणि जिम्नॅस्टशी जास्त जुळतात. माझ्या उत्तराचा गाभा बराचसा यातच आहे, पण तिथे जायच्या आधी तुमचा प्रश्न जरा सोडवून घ्यायला हवा. (टीव्हीवर बघून कुणाचं निदान मी करत नाही. खाली ज्यांची नावं घेतलीत त्यांच्याबद्दल जाहीर झालेलंच लिहिलंय.)

‘दुखापत’ मोजायची कशी, इथूनच गोंधळ सुरू होतो. खेळाच्या वैद्यकात सोयीचं माप म्हणजे खेळाडू किती दिवस खेळाबाहेर राहिला. खेळत राहिला तर दुखापत हिशेबात येतच नाही. हे माप जुन्या रेसलरना लावलं तर ते पोलादाचे ठरतात, कारण ते बाहेर बसायचेच नाहीत. बसणं परवडायचं नाही. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत रेसलिंगचे प्रांत वाटून घेतलेले होते, प्रत्येक प्रांताचा आपला प्रमोटर. पैसे उतरलेल्या रात्रीचे, आणि तेही गल्ल्यावर अवलंबून. उतरला नाहीत तर पैसे नाहीत, आणि तुमची जागा दुसऱ्याने घेतली तर ती परत मिळेल याची खात्री नाही. अशा माणसाला गुडघा दुखतोय का विचारलं तर तो काय सांगणार?

दोन मानांची गोष्ट सांगतो. एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅन हॅन्सनने ब्रुनो सामार्टिनोला उचलून आपटताना चूक झाली आणि सामार्टिनोची मान मोडली. जूनमध्ये, म्हणजे दोन महिन्यांत, तो शे स्टेडियममध्ये त्याच हॅन्सनसमोर उभा होता. मार्च २०२२ मध्ये रिंगच्या बाहेर, जमिनीवर, एका सुप्लेक्समध्ये (समोरच्याला उचलून मागे फेकण्याचा डाव) बिग ई हा रेसलर डोक्यावर पडला. मानेचे दोन मणके मोडले. त्यानंतर वर्षानुवर्षं तो सामन्यासाठी रिंगमध्ये उतरला नाही. ‘किती दिवस बाहेर’ या मापाने सामार्टिनोची दुखापत किरकोळ आणि बिग ईची भयंकर ठरते. दोघांचं फ्रॅक्चर सारखं होतं असं मी म्हणत नाही. पण आज माझ्यासमोर कुणी मान मोडल्यावर आठ आठवड्यांनी आपटून घ्यायची परवानगी मागायला आला, तर मी त्याला दारातूनच सर्जनकडे परत पाठवेन. दिवसांच्या या फरकात खूप मोठा वाटा आपण आता काय चालवून घेत नाही याचा आहे.

आंद्रेचंही तेच. मार्च १९८७ चा होगनबरोबरचा तो प्रसिद्ध सामना बघा. त्याच्या पाठीचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालं होतं आणि त्या सामन्यात पोशाखाखाली त्याने पाठीला आधार देणारा पट्टा बांधलेला होता. बघणाऱ्याला दिसला फक्त एक संथ, अवाढव्य माणूस.

नोंदींचा प्रश्न तर आणखी मजेदार आहे. रेसलिंगमध्ये खऱ्या दुखापती लपवल्या जायच्या आणि खोट्या जाहीर व्हायच्या. कुणाला सुट्टी हवी असली की ‘प्रतिस्पर्ध्याने पाय मोडला’ अशी गोष्ट रचायची. सामार्टिनोचीच मान घ्या. ती साध्या स्लॅममध्ये, म्हणजे उचलून आपटताना मोडली, पण प्रेक्षकांना सांगितलं गेलं की हॅन्सनच्या लॅरिएटने (गळ्यावर हाताचा जोरदार फटका) मोडली, म्हणजे तो डाव आणखी भीतिदायक होईल! आणि हे जुन्याच काळात चालायचं असं नाही. जुलै २०२५ मध्ये सेथ रॉलिन्सचा गुडघा गेल्याचं सगळ्यांनी मानलं, तो कुबड्या घेऊन हिंडला, आणि ऑगस्टमध्ये समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये कुबड्या फेकून चॅम्पियन होऊन गेला. त्यामुळे ‘तेव्हा इतक्या, आता इतक्या’ असा तक्ता कुणी दाखवला तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. जुना रकाना भरायला प्रामाणिक आकडेच नाहीत.

आता निदान. एमआरआय रोजच्या वापरात यायला १९८० चं दशक उजाडलं. त्याआधी गुडघा सुजला की ‘लचकला’, खांदा वर जाईना की ‘आखडला’. माझ्याकडे साठीच्या जवळ आलेले एक गृहस्थ आले होते, तरुणपणी मॅटवर कुस्ती केलेले. गुडघ्याची झीज इतकी की जिना चढवत नव्हता. तपासलं तर आतला मुख्य लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा बंध), ज्याला आपण एसीएल म्हणतो, तो जागेवरच नव्हता, आणि तुटून काही दशकं झाली असावीत. विचारलं, कधी काही झालं होतं का? म्हणाले, ‘हो, एकदा लचकला होता. पंधरा दिवस पट्टी बांधली आणि परत सुरू केलं.’ त्यांच्या लेखी ती दुखापत नव्हतीच. एसीएलशिवाय माणूस सरळ चालू शकतो, पळूही शकतो. फक्त पाय रोवून शरीर वळवलं की गुडघा दगा देतो. जुन्या पद्धतीच्या रेसलिंगमध्ये, जिथे बराच वेळ एकमेकांना धरून काढायचा असे, असा गुडघा वर्षानुवर्षं रेटता येत असे. आजच्या रेसलिंगमध्ये एक आठवडाही रेटता येणार नाही.

म्हणजे ‘वाढल्यासारख्या वाटतात’ याचा मोठा भाग इथवर निकालात निघाला: तेव्हा लपवायचे, तेव्हा कळायच्या नाहीत, तेव्हा तशाच अवस्थेत खेळायचे. पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धं उत्तर होईल. काही प्रकारच्या दुखापती खरोखरच वाढल्या असाव्यात असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण नाजूकपणा नाही.

रेसलिंग शिकणाऱ्याला सगळ्यात आधी पडायला शिकवतात. त्यांच्या भाषेत ‘बम्प’ घ्यायला. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, पाठीचा वरचा सपाट भाग आणि दोन्ही हात एकाच वेळी मॅटवर. यामागचं गणित सोपं आहे. पडताना शरीराने कमावलेला वेग कुठेतरी जिरवावा लागतो. जितक्या जास्त अंतरात तो जिरेल तितका झटका कमी. दीड मीटरवरून पडलेलं शरीर दहा सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी झटका गुरुत्वाच्या साधारण पंधरा पट, आणि दोन सेंटिमीटरमध्ये थांबलं तर पंचाहत्तर पट. ढोबळ आकडेमोड आहे, पण कल्पना येते. रिंगची फरशी म्हणजे लोखंडी तुळयांवर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. फळ्या थोड्या लवतात, आणि त्या लवण्यातच हे दहा सेंटिमीटर कमवायचे असतात. पाठ सपाट टेकली की उरलेला भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो. (‘मॅट गादीसारखी असते’ असं समजणाऱ्यांनी एकदा त्यावर पाठीवर पडून बघावं. किंवा नकोच.)

जुन्या रेसलरचे बहुतेक बम्प असेच होते: पाठीवर, रिंगच्या आत, कंबरेच्या नाहीतर खांद्याच्या उंचीवरून. एकेक झटका सोसण्यासारखा, पण संख्या हजारोंत. त्यातून होते ती झीज. ती सामन्यात दिसत नाही, पन्नाशीनंतर दिसते. होगनचा लेग ड्रॉप आठवा. वाटायला समोरच्याच्या गळ्यावर पाय, प्रत्यक्षात दर वेळी स्वतःच्या बसण्याच्या हाडांवर आदळणं. पुढे त्याची पाठीची ऑपरेशन्स झाली, खुबे आणि गुडघे बदलावे लागले. हे बिल रिंगमधून निवृत्त झाल्यावर येतं, म्हणून तुमच्या ‘नऊ महिने बाहेर’ च्या यादीत ते कधीच धरलं जात नाही.

आता आजचा कुठलाही मोठा सामना घ्या. दोराच्या वरून बाहेर झेप. कोपऱ्यावरून गिरकी घेत उडी. समोरच्याला हवेत झेलणं. रिंगच्या कडेवर, ज्याला एप्रन म्हणतात, तिथे आपटणं. त्या कडेखाली थेट लोखंडी चौकट असते, म्हणजे लवणं जवळपास शून्य. बाहेरच्या जमिनीवर पातळ मॅट आणि खाली काँक्रीट. झटका जिरवायचं जे अंतर फळ्यांनी दिलं होतं ते इथे उरतच नाही. शिवाय उडी मारणारा पाठीवर पडतोच असं नाही. तो पायांवर उतरतो, गुडघ्यांवर उतरतो, कधी एकाच पायावर, आणि शरीर अजून वळत असताना. एसीएल तुटायला नेमकं हेच लागतं: पाय रोवलेला, गुडघा किंचित वाकलेला आणि आत कललेला, वरून भार येतोय आणि धड दुसरीकडे वळतंय. समोरच्याचा धक्का लागायचीही गरज नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये डब्लिनला रॉलिन्सचा गुडघा गेला (तो खरा होता!) तो प्रतिस्पर्धी केनला दोरावरून खाली ओढून आपटताना, पाय जमिनीला टेकताक्षणी. एसीएलबरोबर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा दुसरा लिगामेंट आणि मेनिस्कसही (सांध्यातली कूर्चेची गादी) गेला.

जिम्नॅस्टचं उदाहरण मी म्हणूनच दिलं. धरपकड करणाऱ्या खेळाडूचा सांधा समोरचा माणूस पिरगळतो तेव्हा जातो. उडी मारणाऱ्याचा सांधा जमीन पिरगळते, आणि जमिनीला ‘जरा हळू’ असं सांगता येत नाही. रेसलिंगमध्ये समोरचा माणूस खरं तर तुमचा राखणदार असतो, तो तुम्हाला वाचवत वाचवत पाडतो. हवेतल्या डावांमध्ये त्याच्या हातातलं बरंच नियंत्रण जातं.

दुसरा गट स्नायू आणि टेंडन तुटण्याचा. मे २००१ मध्ये ट्रिपल एचच्या मांडीचा पुढचा स्नायू फाटला आणि तो सामना पूर्ण करून मगच बाहेर गेला. ऑक्टोबर २००७ मध्ये जॉन सीनाच्या छातीचा स्नायू गेला. जून २०२२ मध्ये कोडी ऱ्होड्स छातीचा फाटलेला स्नायू घेऊन, अर्धी छाती काळीनिळी, पिंजऱ्यातला सामना खेळला. सीएम पंकचे तर दोन्ही ट्रायसेप्स वेगवेगळ्या वेळी गेले. ‘इतकी मेहनत करूनही कसं?’ हा तुमचा प्रश्न इथे बरोबर लागू पडतो. स्नायू मेहनतीला लवकर दाद देतो. त्याला हाडाशी जोडणारा टेंडन फार सावकाश घट्ट होतो, आणि वय वाढलं की आणखीच सावकाश. म्हणजे इंजिन मोठं झालं आणि साखळी जुनीच राहिली असं होऊ शकतं. तुटतं तेव्हा बहुधा स्नायू जोर लावत असतानाच बाहेरून ताणला जात असतो: धावता धावता एकदम थांबणं, पडणाऱ्या वजनाला रोखणं. पण केवळ पिळदार शरीराला दोष देऊ नका. १९८० च्या दशकातही देह अवाढव्य होते, फक्त ते सावकाश हलायचे. आता १०० किलोचा माणूस ७० किलोच्या माणसासारखा पळतो, थांबतो आणि उडतो.

सामने कमी झाले तर शरीराला विश्रांती मिळून दुखापती घटायला हव्यात, असं तुम्ही लिहिलंय. तर्क सरळ आहे, पण शरीर तसं चालत नाही. जुन्या वेळापत्रकात बहुतेक रात्री कॅमेरा नसायचा. गावोगावच्या त्या शोमध्ये मंडळी खालच्या गिअरमध्ये खेळायची: थोडी विनोदबाजी, धरून ठेवलेली मान, दोन-तीन मोठे बम्प, संपलं. तो रोजचा सराव होता, आणि नवीन जोडीदाराचा अंदाज घ्यायची जागाही. १९९० च्या दशकात सोमवारी रात्री दोन कंपन्या एकाच वेळी टीव्हीवर भिडल्या आणि प्रत्येक आठवड्याला काहीतरी थरारक दाखवणं भाग पडलं. आता बिनकॅमेऱ्याचे शो खूपच घटलेत, पण जो सामना होतो तो बहुधा वरच्या गिअरमधला असतो. माझ्या अनुभवात सातत्याने मध्यम भार घेणाऱ्यापेक्षा ‘तीन आठवडे शांत आणि एका दिवशी सगळं’ असं करणारा जास्त वेळा माझ्या उपचाराच्या टेबलावर येतो. अर्थात जुनं वेळापत्रक आरोग्यदायी होतं असा अर्थ काढू नका. ते माणसाला हळूहळू झिजवायचं, प्रवास आणि वेदनाशामक गोळ्या वेगळ्याच.

वयाचा मुद्दाही राहतो. चांगली ऑपरेशन्स आणि कमी सामने यांमुळे करिअर लांबलीत. एज मानेमुळे २०११ मध्ये निवृत्त झाला होता, २०२० मध्ये ४६ व्या वर्षी परतला, त्याच वर्षी ट्रायसेप्स फाटला. मे २०२४ मध्ये, पन्नाशीत, पिंजऱ्यावरून उडी मारताना त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो २०११ मध्येच कायमचा घरी बसला असता तर या दोन्ही दुखापती झाल्याच नसत्या. यादी थोडी आखूड झाली असती, एवढंच.

डोक्याच्या बाबतीत मात्र उलटं घडलंय, आणि ते बघताना मला खरंच बरं वाटतं. १९९८ मध्ये मिक फोली १६ फुटी पिंजऱ्यावरून टेबलावर पडला ते सगळ्यांना आठवतं. मला जास्त भीती वाटते ती १९९९ च्या जानेवारीतल्या त्याच्या सामन्याची. हात मागे बेड्यांत अडकवलेले आणि डोक्यावर खुर्चीचे फटक्यांवर फटके. हात बांधलेला माणूस बम्प घेऊ शकत नाही, फटका अडवूही शकत नाही. जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वाने पत्नीला आणि मुलाला मारून आत्महत्या केली. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या धक्क्यांनी होणारी हानी आढळली. तिथून हा विषय कुणाला टाळता आला नाही. ती तपासणी पुढे आणण्यात क्रिस नोविन्स्कीचा मोठा वाटा, आणि तो स्वतः २००३ मध्ये डोक्याच्या दुखापतीने रेसलिंग सोडलेला माणूस. डब्ल्यूडब्ल्यूई या सगळ्यात मोठ्या रेसलिंग कंपनीने २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं. २०१६ मध्ये डॅनियल ब्रायनला वारंवारच्या कन्कशनमुळे (मेंदूला बसणारा धक्का) निवृत्ती घ्यायला लागली, आणि २०१८ मध्ये बऱ्याच तपासण्यांनंतरच परवानगी मिळाली. तीस वर्षांपूर्वी त्याला कुणी थांबवलं असतं का? यादीत त्याची दोन वर्षं ‘बाहेर’ म्हणून लागतात. माझ्या दृष्टीने ती यंत्रणा नीट चालल्याची खूण आहे.

परतण्याच्या मुदतीबद्दलही थोडं, कारण पेशंट मला हे सारखं ऐकवतात: ‘सीना चार महिन्यांच्या आत परतला, मग मला नऊ महिने का?’ सीनाचा छातीचा स्नायू हाडाला परत शिवला होता. एसीएलमध्ये तुटलेला लिगामेंट सहसा शिवत नाहीत, दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात. तो टेंडन पहिल्या काही आठवड्यांत आधी कमजोर होतो, मग हळूहळू लिगामेंटसारखा बनतो. गंमत म्हणजे नेमका याच काळात पेशंटला गुडघा ‘एकदम मस्त’ वाटत असतो. नऊ महिन्यांच्या आत जोरकस खेळाकडे परतणाऱ्यांमध्ये तो पुन्हा तुटायचा धोका जास्त असतो, म्हणून आम्ही अडवून धरतो. पूर्वी अडवणारंच कुणी नव्हतं.

आणि शेवटी आठवणींचा घोळ. तुम्ही घेतलेली तिन्ही नावं टिकलेल्यांची आहेत. डायनामाइट किड त्याच काळातला. वेग आणि उड्यांच्या बाबतीत आजच्या कुठल्याही रेसलरचा आजोबा शोभेल असा. १९८६ मध्ये त्याची पाठ गेली आणि पुढचं बरंचसं आयुष्य व्हीलचेअरवर काढून तो २०१८ मध्ये वारला. आजच्यासारखं रेसलिंग त्या काळात जो खेळला, त्याच्या शरीराचं तेव्हाही तेच झालं. छोट्या प्रांतांत दोन-तीन वर्षांत मोडून घरी गेलेल्यांची नावं तर तुम्हाला-मला माहीतच नाहीत. आजही छोट्या प्रमोशनमध्ये, जिथे रिंगजवळ डॉक्टर नसतो, तिथल्या दुखापतींची बातमी होत नाही.

कुठली दुखापत खरी हे घरबसल्या कसं ओळखायचं, असंही तुम्ही विचारलंय. रेफरीने दोन्ही हात वर करून फुली केली तर तो ‘खरंच लागलंय’ असा मागे कळवायचा इशारा असतो. पण आता प्रेक्षकांनाही तो माहीत असल्यामुळे कथानकातही वापरतात. मी स्वतः जखमी माणसाकडे बघतच नाही, त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे बघतो. तो ठरलेला पुढचा डाव सोडून मध्येच एखादी साधी पकड धरून खाली झुकला, तोंड कॅमेऱ्यापासून लपवलं आणि नंतर समोरच्याच्या एका पायाला किंवा हाताला अजिबात स्पर्श करेनासा झाला, तर बहुतेक वेळा खरंच काहीतरी गेलेलं असतं.